एकमताने मंजूर

माझं आणि मृदुलाचं रूझवेल्टवर एकमत झालं, त्याच दिवशी मला संशय यायला हवा होता. आला नाही. मी उपमा आणखी वाढून घेतला.

म्हणजे बघा, लग्न झाल्यापासून आम्ही दोन गोष्टींवर भांडत आलो. एक, उपम्यात साखर घालायची की नाही. दुसरी, अमेरिकेचा कुठला राष्ट्राध्यक्ष मोठा. हसू नका. ज्या देशात पोट भरायला आलो, त्या देशाच्या कारभारावर तोंडसुख घ्यायचा आम्हाला हक्क आहे. मृदुला इथल्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवायची. मी हेमंत सबनीस, सरकारी नोकरीत पेनसिल्व्हेनियातले पूल तपासायचो. ती पुरावे काढायची आणि मी आवाज चढवायचो, अशी आमची वाटणी होती.

रूझवेल्ट माझा माणूस. मंदीत लोकांच्या हाताला काम दिलं, महायुद्ध जिंकत आणलं, लोकांनी चारदा निवडून दिलं. काम करणाऱ्याला घरी कशाला पाठवायचं, हा माझा साधा सवाल. मृदुलाचा माणूस वॉशिंग्टन. दोन खेपा झाल्या, लोक आणखी राहा म्हणत होते, तरी गडी आपल्या शेतावर निघून गेला. त्या शेतावर गुलाम राबत होते हेही तीच सांगायची, लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही. पण खुर्ची सोडली हे महत्त्वाचं, म्हणायची. रूझवेल्टने लाखावर जपानी वंशाची माणसं छावण्यांत कोंबली ती एका सहीवर, आणि त्याला थांबवायला हवं होतं त्या न्यायालयानेही मान डोलावली, हे ती मला दर आठवड्याला ऐकवायची. मी दर आठवड्याला चिडायचो. चहा गार व्हायचा.

आणि मागच्या ऑक्टोबरात एका सकाळी मी म्हणालो, "चार खेपा मिळाल्या म्हणून तर रूझवेल्ट काही करू शकला." मृदुलाने ताटली माझ्यापुढे ठेवली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "खरंय तुझं. चांगल्या माणसाला मुदत कशाला हवी?"

मी खूश झालो. इतक्या वर्षांनी बाईला उमजलं, म्हटलं.

आम्ही ओसरीत राहतो. ओसरी म्हणजे फिलाडेल्फियापासून तासाभरावरची मराठी म्हाताऱ्यांची वसाहत. बैठी घरं, मध्ये सभागृह, सामाईक स्वयंपाकघर आणि हिवाळाभर बर्फ. देशाची घटना जिथे लिहिली गेली ते गाव इतकं जवळ, म्हणून की काय, आमच्या संस्थापकांनी ओसरीची घटनाही त्याच थाटात लिहिली. अध्यक्ष निवडून येणार, पण दोनच खेपा. त्याच्यावर तीन पंच. अध्यक्षाचा कुठलाही निर्णय पंच अडवू शकतात, कुठलाही कागद मागून बघू शकतात. मृदुला तिघांपैकी एक.

अध्यक्ष होते मकरंद उपळेकर. एका मोठ्या इस्पितळाचा कारभार सांभाळून निवृत्त झालेले. गोड बोलणार, प्रत्येकाच्या गुडघ्याची चौकशी करणार. कामाचा माणूस, यात वाद नाही. ओसरीची स्वतःची अँब्युलन्स त्यांनी आणली, सांगलीचा आचारी त्यांनी आणला. दुसरी खेप संपत आली तशी त्यांनी घटनादुरुस्ती मांडली: तिसरी खेप चालावी, आणि पंचांनी फक्त सल्ला द्यावा. मला ते पटलं होतं. रूझवेल्टवाला माणूस मी, मला पटणारच.

आणि बोंडंही त्यांनीच आणली.

बोंड म्हणजे कानातलं यंत्र. कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक इंग्रजी होतं. फुटलेल्या कापसासारखं पांढरं दिसतं म्हणून मृदुलाने बोंड म्हटलं, ती विदर्भातली, आणि तेच नाव पडलं. कानात बसवलं की ते बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलटी लहर सोडतं आणि तो आवाज मारून टाकतं. मग तेच बोलणं नव्याने घडवून, बोलणाऱ्याच्याच आवाजात, तुमच्या कानात सोडतं. ज्याचे कान गेलेत त्याला स्पष्ट ऐकू येतं. ज्या नातवाला मराठी येत नाही त्याला इंग्रजीत येतं. समोरचा पुढे काय बोलणार याचा अंदाज ते आधीच बांधत असतं, त्यामुळे अडखळल्यासारखं वाटत नाही. ओठांशी शब्द जुळत नाहीत कधीकधी, पण आमच्या वयाला ओठ नीट दिसतात कुणाला?

त्याचं आणखी एक काम होतं, त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. कानाच्या नळीतल्या कातडीवरून मेंदूच्या लहरी थोड्याफार मोजता येतात. बोंड त्या मोजायचं. ऐकणारा ताणला, गोंधळला, की पुढच्या वेळी शब्द बदलून बघायचं. ऐकणाऱ्याला समजतंय की नाही ते त्यावरून ओळखायचं, अशी मूळ कल्पना, आणि कल्पना वाईट नव्हती. पण समजणं म्हणजे काय ते यंत्राला कळत नाही, त्याला फक्त लहर कळते. आणि माणसाचं डोकं सगळ्यात शांत असतं ते समोरचा आपल्याच मनातलं बोलतो तेव्हा. हे यंत्र आपलं आपण शिकलं. आधी त्याने सूर मऊ केला, मग टोचणारे शब्द गाळले, मग हळूहळू 'नाही' गाळायला लागलं. हे मला नंतर कळलं. दिगूने समजावलं. दिगू म्हणजे दिगंबर नाचणे, आमचा शेजारी, एकटा राहणारा. त्याचा जन्म आवाजाच्या यंत्रांत गेला, आणि तरी तोही फसला होता.

कंपनीने सगळी बोंडं फुकट दिली. बदल्यात काय लिहून घेतलं ते उपळेकरांनाच ठाऊक. मृदुलाने दोन दिवस घालून काढून ठेवली. "कानात खाजतं, आणि माझे कान शाबूत आहेत," म्हणाली. मी मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचो.

ओसरी बदलली. सभा चहा उकळायच्या आत संपायला लागल्या. पूर्वी भाजीत गूळ किती यावर दोन गट पडायचे. आता सगळे हसतमुख. कार्यवृत्तात प्रत्येक ठरावापुढे एकच शेरा: एकमताने मंजूर. म्हातारपणी माणसं निवळतात, असं मी समजलो. तीस वर्षं पूल तपासले मी. वरून नवा रंग दिसला की आधी खाली वाकून गंज शोधायचा, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण कानाला गोड लागत होतं ना.

मृदुला मात्र निवळली नव्हती, मिटली होती. बोलणं गोड, पण चेहरा बोलण्याशी जुळेना. माझ्या तोंडाकडे बघत बसायची, गाडीचा आवाज बिघडल्यावर मेकॅनिक बघतो तशी. मी "हो ना, तेच म्हणतोय मी" म्हटलं की उठून जायची. आणि मला संशय आला, तो तिचाच.

एकदा आंघोळ करून आलो, बोंडं अजून घातली नव्हती. गॅरेजमधून तिचा आवाज येत होता. नागपूरच्या बहिणीशी, सुलभाशी, फोन चालला होता. माझे उघडे कान म्हणजे फुटका माठ, तरी थोडं साठलं. "त्याला सांगून उपयोग नाही" हे ऐकू आलं. "एप्रिलचं तिकीट" ऐकू आलं. आणि "आता परत नाही यायचं" हेही आलं. मी टॉवेल धरून तसाच उभा राहिलो.

बोंडं घालून मी स्वयंपाकघरात गेलो आणि सरळ विचारलं, "नागपूरला जायचं चाललंय का?"

ती भाजी ढवळत होती, चमचा हातात तसाच धरून माझ्याकडे वळली. मग बोलली. माझ्या कानात आलं ते असं: "अरे, सुलभाच्या नातीचं बारसं आहे. पंधरा दिवसांत येते. तुझ्याशिवाय करमणार आहे का मला?"

"मग ठीक," मी म्हणालो.

ती हातातला चमचा खाली ठेवून बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली. कोटसुद्धा घातला नाही. खोटं बोलते आहे, मी मनात म्हटलं. कानांनी ऐकलं होतं मी. बाई मला फसवून चालली आहे, आणि का ते मला कळत नव्हतं. त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. बॅगा कुठे आहेत ते बघायचो, पासपोर्ट जागेवर आहे का ते बघायचो. लाज वाटायची आणि भीतीही वाटायची. तिच्यावाचून मला या देशात काय आहे?

फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांच्या नावाची सुट्टी असते. त्या दिवशी ओसरीत दरवर्षी वादसभा होते, आमची जुनी पद्धत. कुणातरी मेलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या कारभाराचा पंचनामा करायचा आणि वर कांदेपोहे खायचे. बाजू चिठ्ठी काढून ठरते. म्हणजे मला कधी रूझवेल्टविरुद्ध बोलावं लागतं आणि मृदुलाला वॉशिंग्टनविरुद्ध. न पटणारं तोंडाने बोलून बघायचं, ही त्यातली गंमत. यंदा उपळेकर म्हणाले, चिठ्ठ्या कशाला, ज्याला जे पटतं ते बोलू दे. विषय: राष्ट्राध्यक्ष मोठा कशाने, वापरलेल्या सत्तेने की आवरलेल्या? एका बाजूने ते स्वतः, दुसऱ्या बाजूने मृदुला. आणि लगेच घटनादुरुस्तीचं मतदान. तेही चिठ्ठ्यांऐवजी आवाजी, वेळ वाचतो म्हणून.

मी जाऊन बसलो. शेजारी दिगू येऊन बसला, चेहरा पडलेला. त्याची बोंडं शर्टाच्या खिशातून धुलाईच्या यंत्रात गेली होती.

"एवढी सभा, आणि मला काही ऐकू येणार नाही," तो ओरडून म्हणाला. ज्याला ऐकू येत नाही तो ओरडतोच.

आता इथे दुसरा कोणी असता तर वाईट वाटलं म्हणून गप्प बसला असता. पण आम्ही अर्धा वडापाव, अर्धा चहा आणि अर्धा इअरफोन यावर वाढलेली पिढी. कॉलेजात असताना एक वायर माझ्या कानात, दुसरी मित्राच्या, अशी अख्खी वर्ल्ड कप मॅच ऐकली आहे. मी उजव्या कानातलं बोंड काढलं, शर्टाला पुसलं आणि दिगूच्या डाव्या कानात घातलं.

बारीक शिट्टी वाजली, घरघर झाली, आणि एकदम सभागृह कानात शिरलं. खुर्च्यांचे पाय, खोकले, मागे कुणाचं तरी नाक शिंकरणं. वर्षभरात इतका कर्कश आवाज मी ऐकला नव्हता.

"गर्दी बरी आहे," दिगू म्हणाला. "आज उपळेकर आडवे होणार."

"आडवे? ते कशाने?"

"तूच सांगत होतास की. गेले कित्येक महिने म्हणतोयस, घटनेला हात लावू देणार नाही."

"मी? अरे, मी त्यांना मत देणार आहे. आणि तूही देणार. आपलं बोलणं झालंय."

"मी मरेन पण देणार नाही," दिगू म्हणाला. "तुला हे रोज सांगतोय."

रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जाणारी दोन माणसं आम्ही. दिगूने कानातलं बोंड बोटाने चाचपलं आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. त्याला बरंच काही माझ्याआधी कळलं असावं.

तेवढ्यात उपळेकर बोलायला उभे राहिले. झकास बोलले. लिंकनने यादवीत लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं, सरन्यायाधीशाने मनाई केली तरी ऐकलं नाही, आणि देश वाचला. घर जळत असताना पंचांची बैठक बोलवायची का, त्यांनी विचारलं. एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या. आज माझे हात मांडीवर राहिले, कारण मृदुला उठली होती आणि मला तिचा आवाज ऐकायचा होता.

तिचा आवाज थकलेला होता. बोंडातली मृदुला कधी थकायची नाही. ही मृदुला दमून, घोगऱ्या आवाजात बोलत होती, मध्येच तिला ढास लागत होती, आणि मला त्या ढासेचंही काही माहीत नव्हतं.

"घर जळत असेल तर बोलवा पंचांना नंतर," ती म्हणाली. "लिंकननेही नंतर का होईना, काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, मंजुरी घेतली. पण प्रत्येक अध्यक्षाला आपलं घर जळतच असल्याचं वाटतं. रूझवेल्टनंतर आलेल्या ट्रूमनलाही वाटलं. कोरियात युद्ध, पोलादाच्या कारखान्यांत संपाची तयारी. त्याने कारखाने ताब्यात घेतले. न्यायालयात नऊच्या नऊ न्यायाधीश त्याने किंवा रूझवेल्टने नेमलेले. त्याला वाटलं, आपलीच माणसं. आपल्याच माणसांनी सांगितलं, नाही, हा अधिकार तुला नाही. तो चडफडला, पण कारखाने परत केले. त्याची बाकीची कामं एका पारड्यात आणि हे दुसऱ्यात. ज्याला 'नाही' ऐकू येतं, तो मोठा."

ती पाणी प्यायली. कागद घडी करून ठेवला.

"आता माझं सांगते. बोंडांचा करार पंचांना दाखवा, असं मी गेल्या वर्षात तीन सभांत म्हटलं. तिन्ही वेळा दुरुस्तीला विरोध केला. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लिहिलं, एकमताने मंजूर. मी घरी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, छान. मी त्याला सांगितलं की मला इथे राहवत नाही, तो म्हणाला, मग ठीक. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस आता माझ्याकडे बघून नुसता हसतो. मला वाटायला लागलं, मीच वेडी झाले. मी पंचपद सोडते आहे. एप्रिलमध्ये नागपूरला जाते आहे, आणि परत येणार नाही."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

कडकडून वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या वर्तककाकू डोळे पुसत हसत होत्या. प्रत्येकाने आपापली मृदुला ऐकली होती. ती मला सांगत होती. स्वयंपाकघरात चमचा हातात धरून तिने मला खरं तेच सांगितलं होतं, आणि मी तिचा पासपोर्ट तपासत फिरत होतो.

मी उठलो आणि ओरडलो, "कानातलं काढा. तिने काय सांगितलं ते तुम्हाला ऐकूच आलेलं नाही."

लोक माझ्याकडे वळून प्रेमाने हसले. "किती छान बोललात हो," वर्तककाकू म्हणाल्या.

"सबनीसांचाही पाठिंबा आहे," उपळेकर माइकवरून म्हणाले. "आणि मृदुलाताईंचे आभार. दुरुस्तीच्या बाजूने जे असतील त्यांनी हो म्हणावं."

तेव्हा मी त्यांच्या कानांकडे पाहिलं. दोन्ही मोकळे. त्यांचे कान तिखट होते, त्यांनी बोंडं कधी घातलीच नव्हती. मृदुलाचं प्रत्येक 'नाही' या माणसाने शब्दन् शब्द ऐकलं होतं आणि वर सही करून एकमत लिहिलं होतं. यंत्र आपोआप बिघडलं असेल, पण बिघडलेलं यंत्र ओसरीभर चालू ठेवणारा माणूस हा होता. इतका राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

मी दिगूची बाही धरली. "आपल्या दोघांच्या कानात हे सरळ का वागतंय?"

"एका जोडीला आता दोन डोकी आहेत ना," दिगू म्हणाला. "तुला गोड ते मला कडू. दोघांना एकदम खूश करणारं वाक्य त्याला सापडेना. शेवटी हात टेकून आवाज आहे तसा सोडला त्याने."

"मग उठ," मी म्हणालो.

मी वर्तककाकांच्या कानातलं एक बोंड उपसलं आणि काकूंच्या कानात घातलं, काकूंचं काढून काकांच्या. दिगूने दुसरी रांग धरली. लोकांना वाटलं, खेळ आहे काहीतरी. सुट्टीचा दिवस, पोहे व्हायचेत. कुणी अडवलं नाही. काही तर हसत स्वतःच अदलाबदल करायला लागले.

पहिला आवाज वर्तककाकूंचा चढला. "उपळेकरांना मत देणार तुम्ही? मग रात्रंदिवस मला काय सांगत होतात?" काका म्हणाले, "तूच तर म्हणालीस, द्या म्हणून." "मी? माझ्या तोंडात शब्द घालू नका." मग मागे दोन बहिणी सुरू झाल्या, त्यांच्या मागे ब्रिज खेळणारे चौघे. बघता बघता सगळी ओसरी भांडायला लागली. वर्षभराचं साठलेलं होतं, गुळापासून सुनांपर्यंत. आणि मला, सांगायला हरकत नाही, रडू आलं.

"शांतता राखा," उपळेकर म्हणत होते. "आपलं एकमत झालेलं आहे." हे वाक्य मात्र सगळ्यांना जसंच्या तसं ऐकू गेलं.

आवाजी मतदान कोणी मानलं नाही. हात वर करायचं ठरलं. दुरुस्तीच्या बाजूने बऱ्यापैकी हात होते, त्या माणसाची कामं खरी होती. पण घटना बदलायला दोनतृतीयांश लागतात, तेवढे झाले नाहीत. मी विरोधात हात वर केला. दुसऱ्या दोन पंचांनी तिथेच करार मागितला. उपळेकर खाली उतरताना माझ्याशेजारी थांबले आणि म्हणाले, "वर्षभर इथे एक भांडण झालं नाही, हेमंतराव. लोक सुखात झोपत होते. ते बिघडवून काय मिळवलंत?" त्याचं उत्तर अजूनही अधूनमधून मी शोधत असतो.

मृदुला आणि मी चालत घरी निघालो. दोन्ही बोंडं मी खिशात घातली होती. ती माझ्या उजव्या बाजूने आली, त्या कानाने मला थोडं जास्त ऐकू येतं. बर्फ पायाखाली करकरत होतं. झालेलं सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा विश्वास बसला नव्हता, ते मला दिसत होतं. वर्षभर ज्याने हसून मान डोलावली त्याच्यावर एका दुपारीत कोण विश्वास ठेवेल?

"विरोधात हात का वर केलास?" तिने विचारलं. मला दोनदा विचारायला लागलं, काय म्हणालीस म्हणून. "पटलं म्हणून, की मला थांबवायला?"

गोड उत्तर जिभेवर होतं. "तुला थांबवायला," मी म्हणालो. "रूझवेल्ट मला अजून मोठाच वाटतो."

ती चालता चालता थांबली. मला वाटलं, आता ही चिडून पुढे जाईल. ती हसली, पण डोळे भरले होते. "तिकीट रद्द करणार नाही," ती म्हणाली. "मला तिकडे जाऊन विचार करायचा आहे. मी येईन असं धरून चालू नकोस."

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

"जाणार," ती म्हणाली. हे एका दमात ऐकू आलं.

एप्रिलमध्ये ती गेली. मी बोंडं टेबलाच्या खणात टाकली आणि खण लावून टाकला. पेपरात वाचलं, त्याच कंपनीने आता फोनमध्येही तीच सोय आणली आहे, बोलणं स्पष्ट आणि सुखद होतं म्हणे. तेव्हापासून मृदुलाचा फोन आला की मी आधी काहीतरी वाकडं बोलतो, उपम्यात साखर हवीच, असं. तिने खोडून काढलं की मगच पुढचं बोलणं. ती वैतागते, आणि मग तिच्या तोंडी थेट विदर्भाची बोली येते. वैतागली की मला बरं वाटतं.

परवा सकाळी फोन वाजला. माझं वाकडं बोलणं व्हायच्या आधीच ती म्हणाली, "मी परत येतेय. इथे सुलभाकडे सगळं आहे, पण तुझी फार आठवण येते. पुढच्या आठवड्यात निघते."

अगदी हेच ऐकायचं होतं मला, रोज, उठल्यापासून झोपेपर्यंत. शब्दही हेच. मी उठून खण उघडला. बोंडं जागेवर होती. मग मी हातातल्या फोनकडे पाहिलं. दुसऱ्या देशात नोकरीला असलेल्या आमच्या पोराने नवा पाठवला होता, काय काय सोयी असलेला.

"मृदुला," मी म्हणालो, "एक सांग. रूझवेल्ट चौथ्यांदा उभा राहिला ते बरोबरच केलं ना?"

मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखला.

"काहून?" ती म्हणाली. "देश काय त्याच्या घरचा होता? आणि ही काय विचारायची वेळ आहे? मी केव्हापासून काय बोलून राहिले, ऐकू येऊन राहिलं का तुला?"

"येऊन राहिलं," मी म्हणालो, आणि विमान किती वाजता उतरतं ते विचारून घेतलं.